चूल आणि धुराडे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे. तीत प्रत्येकीने आपल्या भागाच्या इतिहासावर चार ओळी लिहाव्यात असे बैठकीत ठरले. सिंदखेडराजा, लोणार, शेगाव यांवर लिहिणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत, आणि त्या माझ्याहून अधिक शिकलेल्या आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा जिच्यापुढे बसून माझी तीस वर्षे गेली, तिचाच इतिहास लिहावयाचे मी योजिले. ती म्हणजे चूल.

चुलीला कसला आला इतिहास, असे कोणी म्हणेल. परंतु पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ पासून पुष्कळ वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची मातीची घरे तेथे निघाली, आणि त्या घरांतून चुलीही निघाल्या. त्या काळच्या बाईचे नाव कोणाला ठाऊक नाही. तिची चूल मात्र सापडली.

आपल्या वऱ्हाडात शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. चूल नेहमी पांढरीची घालावी. काळी माती पाणी पिऊन फुगते व वाळली की भेगाळते, हे वैशाखात शेतात उभे राहिले की कोणालाही दिसेल. तिची चूल आठ दिवसांत उकलते. पांढऱ्या मातीत गव्हाचा भुसा आणि शेण घालून ती तीन-चार दिवस भिजत ठेवायची, पायांनी तुडवायची, मग थर चढवायचे. एक थर आवळला की दुसरा. सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर वरून वाळते, आतून ओली राहते आणि पहिल्या मोठ्या जाळाला तडकते. म्हणून पहिले दोन दिवस नुसता काड्यांचा मंद जाळ. माझ्या सासूबाई चूल घालण्यात गावात नावाजलेल्या होत्या. त्या म्हणत, "चूल तडकली तं सांगते बाई, पन आयकनारी पाह्यजे." रोज सकाळी राख काढून, चूल गार असतानाच, शेणामातीचे पोतेरे फिरवायचे ते एवढ्यासाठीच. भेग दिसली की तेव्हाच बुजते. आपण तो देवधर्म समजतो, आणि आहेही. पण ती दुरुस्तीसुद्धा आहे.

आगपेटी घरोघर नव्हती तेव्हा रात्री निखारा राखेखाली पुरून ठेवीत, आणि तो विझलाच तर शेजारून विस्तव आणीत. शेगावच्या श्री गजानन महाराजांच्या चरित्रात जानकीराम सोनाराची कथा आहे. चिलमीसाठी त्याच्याकडे विस्तव मागितला, आणि अक्षय्य तृतीयेच्या सणाला विस्तव देत नाहीत म्हणून त्याने नाकारला. कथेचा अर्थ कीर्तनकार सांगतील. मला तीत एवढे दिसते की महाराज १८७८ साली शेगावात प्रकट झाले त्या काळी विस्तव ही मागून आणण्याची वस्तू होती, आणि तो कधी द्यावा, कधी देऊ नये, याचेही रिवाज होते.

आता जळणाकडे वळते. माझे माहेर घाटाखाली मलकापूरकडचे आणि सासर घाटावर चिखलीकडचे, त्यामुळे दोन्हीकडचे जळण मी जाळले आहे. घाटावर पळस-बाभळीच्या काटक्या आणि तुराट्या. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात पऱ्हाटी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. खामगावची बाजारपेठ वाढली. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा गेला. कापूस परगावी गेला आणि पऱ्हाटी आपल्या चुलीला राहिली. गिरणी-रेल्वेच्या इतिहासात हे कोणी लिहीत नाही, पण बाईच्या दृष्टीने मोठा बदल हाच, असे मला वाटते. बाभळीचे लाकूड धीराने जळते. पऱ्हाटी भडकन पेटते व तितक्याच लवकर विझते, म्हणून तिच्यापुढून उठता येत नाही. पुष्कळ घरी लांबच्या लांब पऱ्हाटी चुलीत खुपसून ती जळेल तशी पुढे सारतात. बाई दुधाकडे किंवा मुलाकडे गेली की जाळ काडीवरून मागे सरकत चुलीबाहेर येतो, आणि मागे भारा रचलेला असला तर मग काही सांगायला नको. पऱ्हाटी हातभर तोडूनच घालावी, आणि भारा चुलीपासून चार-पाच हात दूर ठेवावा.

धुराचे दुःख मात्र घाटावर काय आणि घाटाखाली काय, एकच. माझ्या आजीचे डोळे बारमाही लाल आणि पाणावलेले असत. म्हातारपणी तिला रात्रभर खोकला येई. तिने जन्मात कधी विडी ओढली नव्हती.

या धुराचा विचार प्रथम मोठ्या माणसांनी केला तो आपल्याच विदर्भात. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत, आणि ठिकाण होते वर्ध्याची मगनवाडी. मलकापूर-शेगावहून नागपूरकडे जाणारी गाडी वर्ध्यावरूनच जाते, इतकी ही जवळची गोष्ट. तेथे १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' तयार झाली. मातीचीच, पण धुराड्याची. इकडे हैदराबादेत डॉ. एस. पी. राजू नावाचे इंजिनियर अशाच चुलीवर खपत होते. त्यांचे बिनधुराच्या स्वयंपाकघरावरचे पुस्तक १९५३ साली निघाले. त्या वेळी आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेची हद्द हैदराबाद राज्याला लागून होती.

या चुलीची युक्ती साधी आहे. तापलेली हवा वर चढते. तिला नळातून वाट दिली की ती मागची हवा ओढते. जाळ पहिल्या भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली ओढला जातो आणि उरलेला धूर छपराबाहेर पडतो. एका जाळावर दोन भांडी शिजवणे आपल्याला नवे नाही. आपल्या चुलीची वैल दुसरे काय करते? नवा तो फक्त नळ. पण नळाची ओढ टिकायला भांडे तोंडावर घट्ट बसले पाहिजे. आपल्या जुन्या चुलीवर भांड्याखाली तीन उंचवटे असतात, त्यांच्या फटीतून धूर घरात येतो. धुराड्याच्या चुलीत ते नसतात, नसावेत.

मगन चूल घरोघर झाली नाही. पुढे भारत सरकारने १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडे तिला निर्धूर चूल म्हणत. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापलेल्या पुण्याच्या 'आरती' या संस्थेने या कामाला शास्त्रीय साह्य केले, आणि 'लक्ष्मी' नावाची दोन भांड्यांची चूल पुष्कळ गावांत गेली. २००२ साली केंद्राचा कार्यक्रम संपला, तोवर देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या होत्या. आज त्यांतल्या किती दिसतात? गोठ्याच्या भिंतीत नळाचे भोक दिसते, कोणी त्यात चिंधी कोंबलेली असते.

असे का झाले, ते मी माझ्या माहेरच्या गल्लीत डोळ्यांनी पाहिले. तेथे अशा सहा-सात चुली बसल्या. बसवणारा माणूस आला, ओट्यावर पुरुषमंडळींना समजावून सांगितले, चहा घेऊन गेला. चुलीपुढे बसणारी आतच होती. पहिला महिना आनंदात गेला. भिंती काळ्या होईनात, कंदिलाची काच स्वच्छ राही. मग भाकरीची अडचण आली. आपली ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी आरावर शेकावी लागते, तेव्हा ती फुगते. नव्या चुलीचे तोंड लहान. एकीने विळ्याने ते रुंद केले, तिचे पाहून दुसरीने केले. तोंड रुंद झाले की थंड हवा जास्त शिरते, आणि जाळाची ओढ जाते. रोडग्याच्या पंगतीचे मोठे पातेले भोकावर नीट बसेना, म्हणून कोणी खाली तीन खापरे ठेवली. म्हणजे पुन्हा जुनीच चूल झाली.

त्यातून नळ भरला. ओले जळण घातले की नळाच्या आत काजळीचा चिकट थर बसतो, आणि दोन-तीन महिन्यांत हात जाणार नाही अशी वाट होते. धूर मग उलटा घरात. बायांना वाटले चूल बिघडली. नळ झाडायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि ज्यांना सांगितले होते त्यांना धूर लागत नव्हता. एका घरी तर साचलेल्या काजळीनेच पेट घेतला. नळातून घोंगावल्यासारखा आवाज आला आणि ठिणग्या शेजारच्या कुडाच्या छपरावर पडल्या. दिवस पावसाळ्याचे होते म्हणून थोडक्यात निभावले.

फक्त एका काकूंची चूल पंधरा वर्षे चालली. त्यांनी लांब बांबूला जुन्या गोणपाटाचा बोळा बांधला होता आणि दर अमावास्येला, चूल गार असताना, त्या नळ झाडून घेत. त्यांनी तोंड रुंद केले नाही. भाकरीसाठी आर चिमट्याने पुढे ओढून शेकीत. नळ छपराच्या वर दीड-दोन हात काढला होता आणि जेथे तो पाचटातून जाई तेथे भोवती पत्रा घातला होता. हे सारे त्यांनी बसवणाऱ्याला प्रश्न विचारून समजून घेतले होते. ओट्यावर जाऊन बोलायला त्या लाजल्या नाहीत, एवढाच फरक.

मुंबईत गॅस १९५५ साली आला. आपल्या खेड्यांत तो खरा पोचला १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना निघाल्यावर. तिची आठ कोटींवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या शेजारी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. तरीही सिलिंडर संपले की, पाणी तापवायचे झाले की, मांडे करायचे झाले की परसातली चूल पेटतेच. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने १९८१ साली गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर लहान यंत्रे लावून त्यांच्या श्वासात जाणारा धूर मोजला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली घरातल्या अशा धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे गेली. आजीचा खोकला मला त्यानंतर नीट समजला.

राखेबद्दल राहिले. वरून गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात दुसऱ्या दिवशीसुद्धा निखारा असतो. चैत्र-वैशाखाच्या वाऱ्यात ती उकिरड्यावर टाकली की कडब्याची गंजी पेटते. म्हणून ती पाणी शिंपडूनच बाहेर न्यावी. चुलीपुढे पदर खोचलेला आणि लुगडे सुती असावे. नायलॉन अंगाला चिकटून जळते. भाजलेच तर शाई, पेस्ट काही न लावता वीस मिनिटे साधे पाणी ओतावे व दवाखाना गाठावा.

आणि बाळंतिणीची शेगडी. हिवाळ्यात खोलीची दारे-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल अजून कित्येक घरी आहे. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. पण त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. शेक द्यायचा तर दार उघडे ठेवून, जागी बाई जवळ बसवून द्यावा, आणि निजण्यापूर्वी शेगडी अंगणात न्यावी.