संकट म्हणजे कोप नव्हे

अंधेरी-मरोळपासून मुलुंडपर्यंत उपनगरांतल्या अनेक ख्रिस्ती मेळाव्यांत शेवटच्या काळाविषयी एक मत आता गृहीतच धरले जाते. महासंकटाची सात वर्षे ही देवाच्या कोपाची वर्षे आहेत. विश्वासणाऱ्यांना देवाने कोपासाठी नेमलेले नाही, असे पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो. म्हणून महासंकटाआधीच मंडळी वर उचलली जाईल. या मताला आणखी दोन आधार दिले जातात. फिलदेल्फियाच्या मंडळीला परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचे अभिवचन मिळाले आहे, हा एक. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायापासून अठराव्यापर्यंत ‘मंडळी’ हा शब्दच येत नाही, हा दुसरा. असे मानणारे माझे बंधू शास्त्र उघडून बोलतात, म्हणून त्यांना उत्तरही शास्त्रातूनच दिले पाहिजे.

पौलाचे ते वचन पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. त्याच पत्राचा तिसरा अध्याय उघडावा. आपल्यावर येणारी संकटे पाहून डगमगू नका, त्यांच्यासाठीच आपण नेमलेले आहोत, असे तो तिथे बजावतो. एकच लेखक, एकच मंडळी, एकच पत्र. कोपासाठी नेमणूक नाही, संकटासाठी आहे. संकट आणि कोप एकच असते, तर पौलाने दोन पानांच्या अंतरात स्वतःलाच खोडून काढले, असे म्हणावे लागेल. ते कोण मान्य करील?

आता फिलदेल्फिया. राखणे म्हणजे तिथून काढून नेणे, हे कशावरून? योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू पित्याजवळ नेमकी उलट विनंती करतो : शिष्यांना जगातून काढून घेऊ नकोस, दुष्टापासून राख. मिसरावर पीडा कोसळल्या तेव्हा इस्राएल मिसरातच होते. गोशेन प्रांतात गारा पडल्या नाहीत, अंधार पसरला नाही, पण गोशेन काही आकाशात उचलले गेले नव्हते. शिवाय प्रकटीकरणातली पत्रे ज्या सात मंडळ्यांना गेली त्यांत फिलदेल्फियाबरोबर स्मुर्णाही आहे. तिला दहा दिवसांचे संकट आणि मरेपर्यंत विश्वासू राहण्याची आज्ञा मिळाली. एका मंडळीचे अभिवचन सर्वांचे, आणि दुसरीची आज्ञा तिच्या एकटीची? हा न्याय कुठला?

‘मंडळी’ हा शब्द नसण्याचा मुद्दा तर मांडणाऱ्यावरच उलटतो. तो शब्द त्या अध्यायांतल्या स्वर्गाच्या दृश्यांतही नाही. मग मंडळी स्वर्गातही नाही, असे मानायचे का? उलट पवित्र जन पृथ्वीवर पदोपदी दिसतात. तेराव्या अध्यायात श्वापद त्यांच्याशीच लढते, चौदाव्यात त्यांच्याच धीराची प्रशंसा आहे. सातव्या अध्यायातला शुभ्र झगे घातलेला अगणित समुदाय मोठ्या संकटातून आलेला आहे. ते टळले म्हणून तो तिथे उभा नाही.

आणि क्रम? मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात निवडलेल्यांना गोळा करण्याची घटना संकटानंतरची आहे. क्रम खुद्द प्रभूनेच सांगितला आहे.

या मताची आजची सुसूत्र मांडणी 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांनी केली, आणि 1909 च्या स्कोफिल्ड बायबलने ती तळटिपांतून जगभर नेली. वचन आणि टीप एकाच पानावर आली की वाचक दोन्हींना सारखाच मान देऊ लागतो. मत नवे म्हणून खोटे ठरत नाही, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्या शतकातल्या इरेनियसने ख्रिस्तविरोधकाच्या छळाला मंडळी सामोरी जाईल, असेच लिहिले आहे. महासंकटाआधी उचलले जाणे हीच सनातन शिकवण आहे, हा दावा मग टिकत नाही.

या मताचे एक टोक मला अधिक बोचते. संकट म्हणजे कोप असे एकदा ठरले, की प्रत्येक साथ हा कोप ठरतो आणि तिचा प्रत्येक बळी संशयित. लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभूने हे दार बंद केले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते. आपल्याच उपनगराकडे पाहा. अंधेरीच्या सीप्झ या उद्योगवसाहतीच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्न अवशेष उभे आहेत. चर्च 1579 चे, 1840 मध्ये साथीमुळे सोडावे लागले. धर्मग्रामाने मूर्ती, खांब आणि बाप्तिस्मा द्यायचे दगडी कुंड मरोळला हलवले आणि तिथे नवे चर्च उभारले. उचलले जाण्याची वाट पाहणाऱ्या माणसांना कुंड कशाला हवे? साथीतून वाचलेल्यांची मुले जन्माला येणार होती, त्यांना बाप्तिस्मा द्यायचा होता.

प्लेगच्या काळात मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या गावठाणांतून क्रूस उभारले गेले. कोप शमवण्यासाठीच ते उभारले, असे प्रतिपक्ष म्हणेल. उभारणाऱ्यांत तसे समजणारे असतीलही. पण त्या क्रुसांपुढे लोकांनी प्लेग हटावा अशी प्रार्थना केली, आपण तेवढे निसटावे अशी नव्हे. 1896 साली मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरने, आणि रोग्यांवर उपचारही केले. प्लेग हा देवाचा कोप असेल, तर व्हिएगस देवाशीच झुंजत होते, असा निर्णय द्यावा लागेल. तो द्यायला माझे बंधू तयार आहेत का?

मग आशा कुठे, असे ते विचारतात. पौल तीताला सांगतो ती धन्य आशा म्हणजे ख्रिस्ताचे प्रकट होणे. सुटकेची तारीख तिथे दिलेली नाही. प्रभू दोनदा येईल, आधी गुपचूप, मग सात वर्षांनी उघडपणे, असे स्पष्ट सांगणारे एक वचन प्रतिपक्षाने वाचकांपुढे ठेवावे. अध्याय आणि ओवीसह.