‘मिटलं’ आणि ‘नाही’ : गुन्ह्याची नोंद व नोकरीचा अर्ज

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत भांडणाचा शेवट एका शब्दात सांगतात : ‘मिटलं’. बांधावरून चुलतभावांत हाणामारी होते, दोन्हीकडून फिर्यादी जातात, फिर्यादीत घरातल्या सगळ्या पुरुषांची नावे टाकली जातात, त्यात कॉलेजला जाणारा मुलगाही येतो. दोन-तीन वर्षे तारखा होतात, मग भाऊकीतली जाणती माणसे बसतात, कोर्टात तडजोड नोंदवली जाते आणि केस मिटते. गावापुरता हा शब्द खरा असतो. पुढे तोच मुलगा पोलीस भरतीत मैदान मारतो, लेखी परीक्षा पार करतो आणि साक्षांकन नमुन्यात गुन्ह्याच्या रकान्यापुढे ‘नाही’ लिहितो. माझे म्हणणे असे की अशा मुलांची नोकरी जाते ती बहुतेक वेळा त्या ‘नाही’मुळे. मारामारीमुळे ती क्वचितच गेली असती.

याचे कारण प्रश्नाच्या रचनेत आहे. सरकारी साक्षांकन नमुना एका दमात अनेक गोष्टी विचारतो : कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध केले होते का, बंधपत्र घेतले होते का, दंड किंवा शिक्षा झाली का, आणि आज एखादे प्रकरण प्रलंबित आहे का. उमेदवाराला यातले शेवटी शेवटी येणारे ‘शिक्षा’ तेवढे ऐकू येते. शिक्षा झाली नाही, म्हणून उत्तर ‘नाही’. प्रत्यक्षात हे सगळे प्रश्न वेगळे आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे निघू शकते.

अटकेचेच पाहा. अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटकेला लगाम घातला. तेव्हापासून साध्या मारहाणीत पोलीस बहुधा नोटीस देतात, जबाब घेतात आणि दोषारोपपत्र पाठवतात. मुलगा कोठडीत एक रात्रही काढत नाही. ‘अटक झाली का?’ याला ‘नाही’ हे खरे उत्तर आहे. ‘खटला चालला का?’ याला तेच उत्तर खोटे आहे. तडजोडीचेही तसेच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 प्रमाणे, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 प्रमाणे, मिटवता येण्याजोग्या गुन्ह्यातली तडजोड आरोपीला निर्दोष मुक्ततेइतकीच मोकळीक देते. मुलगा निर्दोष ठरला हे खरे, पण त्याच्यावर खटला चालला होता हेही खरेच राहते. कायद्याने डाग पुसला, घटना पुसली नाही.

सर्वांत फसवी गोष्ट चॅप्टर केस. निवडणूक किंवा यात्रा जवळ आली की गावातल्या दोन्ही गटांकडून शांतता राखण्याचे बंधपत्र घेतले जाते. पूर्वी प्रक्रिया संहितेचे कलम 107, आता सुरक्षा संहितेचे 126. हा गुन्हा नव्हे, त्यात शिक्षाही नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. अर्ज मात्र बंधपत्राबद्दल स्पष्ट विचारतो. उलट, नुसती ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र नोंद असेल तर बहुतेकदा खटलाच उभा राहत नाही. तिथे प्रश्नाचे शब्द नीट वाचून, गरज असेल तर दोन ओळींचा खुलासा जोडावा.

भरती करणाऱ्याने अशा ‘नाही’चे काय करायचे, यावर न्यायालये बराच काळ एकमताची नव्हती. 2003 साली केंद्रीय विद्यालयाच्या एका शारीरिक शिक्षण शिक्षकाच्या प्रकरणात लपवणे हाच पुरेसा दोष मानला गेला. 2011 साली दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या संदीप कुमार प्रकरणात न्यायालय म्हणाले की तरुण वयातल्या चुकांकडे उदारपणे पाहावे. हा तिढा तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात 21 जुलै 2016 रोजी सोडवला. त्यातले काही मुद्दे भोर-वेल्ह्याच्या मुलांनी पाठ करावेत असे आहेत. माहिती खरी द्यावी, हा पाया. लपवलेला गुन्हा किरकोळ असेल, जसे लहान वयात घोषणा देणे, तर नियोक्ता ती चूक माफ करू शकतो. खरे सांगितले तरी नियुक्तीचा हक्क मिळत नाही. पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतो. अर्जातला प्रश्न नेमका असला पाहिजे; जे विचारले नाही ते न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. आणि उमेदवाराला गुन्ह्याची माहिती होती असे दिसल्याशिवाय त्याला लपवल्याचा दोष देता येत नाही. नोकरीत कायम झालेल्याला काढण्यापूर्वी विभागीय चौकशी आवश्यक आहे.

माहितीचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. मुलगा शिरवळच्या कंपनीत पाळीवर असतो किंवा पुण्यात खोली करून राहतो, आणि गावातल्या फिर्यादीत त्याचे नाव टाकले जाते. त्याला पत्ताही नसतो. पण ते आता शोधता येते : महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रथम खबरी अहवाल प्रसिद्ध होतात, ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने प्रकरण सापडते. अर्ज भरण्याआधी अर्धा तास यात घालवावा.

अवतार सिंगनंतरचे काही निकाल उदार आहेत, पण त्यांच्या भरवशावर कुणी राहू नये. 2024 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या रवींद्र कुमार या उमेदवाराला न्याय दिला आणि प्रत्येक न-सांगणे एकाच मापाने मोजू नये असे बजावले. ती भरती 2004 ची होती. वीस वर्षे! गणवेशाच्या नोकऱ्यांत कसोटी अधिक कडक असते, हेही न्यायालयाने सतीश चंद्र यादव प्रकरणात 2022 साली स्पष्ट केले आहे.

दोन ठिकाणी कायदा खरोखर नवी सुरुवात देतो. अठराच्या आतल्या वयातली नोंद बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 प्रमाणे सहसा अपात्रता ठरत नाही. परिवीक्षेवर सोडलेल्याला 1958 च्या कायद्याचे कलम 12 अपात्रतेपासून वाचवते, मात्र दोषसिद्धी झालीच नव्हती असे लिहायची मुभा देत नाही. ब्रिटनमध्ये 1974 च्या कायद्याने ठरावीक काळानंतर अनेक जुन्या शिक्षा सांगण्याचे बंधन उरत नाही. प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही आणि तो हवा. खासगी क्षेत्रात तर अवस्था आणखी वाईट. कंत्राटदार चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतो, त्यावर नोंद दिसली की पुढच्याला बोलावतो. खुलाशाला जागाच नाही. सुरक्षारक्षकाची पूर्वेतिहास तपासणी कायद्यानेच ठरवली आहे, ते समजण्यासारखे आहे. पण यंत्रावर काम करणाऱ्याच्या बांधावरच्या भांडणाचा कामाशी काय संबंध, हे नोकरी देणाऱ्याने स्वतःला विचारलेच पाहिजे. नोंद म्हणजे माणूस नव्हे, हे राज्यालाही ठाऊक आहे. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना महाराष्ट्राने 2018 साली मानधन दिले. टाळेबंदीत जुन्या दंड संहितेच्या कलम 188 खाली नोंदलेले विद्यार्थ्यांवरचे गुन्हे मागे घेण्याचे 2022 साली जाहीर केले.

कायदा बदलेपर्यंत मुलांच्या हातात एकच गोष्ट आहे. रकान्यात ‘होय’ लिहा. गुन्हा क्रमांक, कलम, न्यायालय आणि निकालाची तारीख द्या. जुन्या प्रकरणात कलमे जुन्या दंड संहितेचीच लिहा. 323 चे नव्या कायद्यातले 115(2) करू नका. आणि ज्या दिवशी कोर्टात केस मिटेल, त्याच दिवशी सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करा व ती नक्कल दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवा.