जखमी माणसाचा नकार

अमेरिकेंतील एखाद्या शहराच्या चौकांत दोन मोटारी एकमेकींवर आदळतात. रस्त्यावर कांचांचा खच पडतो, बघ्यांची गर्दी जमते, कोणी तरी टेलिफोन करतो आणि थोड्याच वेळांत भोंगा वाजवीत अँब्युलन्स येऊन उभी राहते. मोडक्या मोटारींतून उतरलेला गृहस्थ रस्त्याच्या कडेला बसून कपाळावरचें रक्त रुमालानें टिपीत असतो. “इस्पितळांत चला,” असें गाडीवरचे लोक त्यास सांगतात. “नको, मी ठीक आहें,” असें तो उत्तर देतो. तो सज्ञान असेल आणि त्याचें भान शाबूत असेल, तर त्यास उचलून गाडींत घालण्याची मुभा त्या लोकांना नाहीं. तसें केल्यास तें कायद्याच्या दृष्टीनें अंगावर हात टाकणें ठरेल. जखमी माणसाला चार हातांनीं उचलून मिळेल त्या वाहनांत घालण्याची जेथें रीत आहे, तेथील माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटणें साहजिक आहे. परंतु हा नकार ऐकून घेण्यास कायद्याला जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं; आणि मौज अशी कीं, ज्या निवाड्यांतून तो हक्क आकारास आला, त्यांत ना मोटार होती, ना अँब्युलन्स.

या कथेचा आरंभ इंग्लंडांत १७६७ सालीं होतो. स्लेटर नांवाच्या एका गृहस्थाचा पाय मोडला होता. हाड बसविलें होतें, सांधा धरूं लागला होता. पट्ट्या सोडून पाय तपासावा एवढ्यासाठीं त्यानें बेकर नांवाच्या शल्यवैद्यास व त्याच्या जोडीदारास बोलाविलें. बेकरच्या मनांत एक नवें पोलादी यंत्र लावून पाहावयाचें होतें. त्यानें जुळत आलेलें हाड पुन्हां मोडलें व रुग्ण नको नको म्हणत असतां तें यंत्र त्याच्या पायावर चढविलें. दावा कोर्टांत गेला, तेव्हां इतर शल्यवैद्यांनींच साक्ष दिली कीं, रुग्णाची संमति घेतल्यावांचून असें कांहीं करण्याची चाल धंद्यांत नाहीं. न्यायाधीशांनीं त्यांत एका साध्या माणुसकीच्या विचाराची भर घातली. पुढें काय होणार हें रुग्णाला आधीं कळलें, तर वेदना सोसण्यास तो मन घट्ट करूं शकेल, असें त्यांनीं म्हटलें. ज्यूरीनें ५०० पौंडांची भरपाई देवविली. त्या काळीं भूल देण्याची विद्या नव्हती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ‘मन घट्ट करणें’ या शब्दांचा खरा अर्थ कळतो.

पुढें भूल आली आणि तिच्याबरोबर एक नवीच अडचण आली. जागा माणूस निदान ओरडूं तरी शकतो. निजलेला माणूस काय सांगणार? १९०५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापुढें असें प्रकरण आलें कीं, एका स्त्रीनें उजव्या कानावर शस्त्रक्रिया करण्यास संमति दिली होती. भूल दिल्यावर डावा कान अधिक बिघडलेला आढळला, म्हणून डॉक्टरनें डाव्यावर शस्त्र चालविलें. हेतु वाईट नव्हता, हातही कुशल होता. तरीही न्यायालयानें ती आगळीकच ठरविली. चांगल्या हेतूनें केलेली गोष्टही परवानगीवांचून केली तर ती दुसऱ्याच्या हद्दींत पाऊल टाकणें होय, असा त्या निवाड्याचा आशय आहे.

सर्वांत प्रसिद्ध निवाडा मात्र न्यूयॉर्कचा. मेरी श्लोएंडॉर्फ नांवाची स्त्री पोटाच्या विकारासाठीं १९०८ सालच्या जानेवारींत तेथील एका धर्मादाय इस्पितळांत दाखल झाली. पोटांत गांठ लागली. ईथर देऊन तपासणी करूं द्या, असें डॉक्टरांनीं सुचविलें. तिनें तपासणीस होकार दिला, पण शस्त्रक्रिया करूं नका असें स्पष्ट बजावलें. ती शुद्धीवर आली तेव्हां गांठ काढलेली होती. त्यानंतर तिच्या हाताचें मांस सडूं लागलें व कांहीं बोटें कापावीं लागलीं. १९१४ सालीं न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं निकाल लिहितांना तत्त्व सांगितलें तें असें कीं, सज्ञान व सुबुद्ध अशा प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचें काय व्हावें हें ठरविण्याचा हक्क आहे; जो शल्यवैद्य संमतीवांचून शस्त्र चालवितो तो नुकसानीस जबाबदार होतो. त्यांनीं एकच अपवाद ठेविला. रुग्ण बेशुद्ध आहे आणि त्याची संमति मिळेपर्यंत थांबतां येत नाहीं, अशा संकटाच्या वेळेचा. एवढें सारें सांगून शेवटीं त्या बाईला काय मिळालें? कांहींच नाहीं. धर्मादाय इस्पितळ आपल्या डॉक्टरांच्या अशा कृत्यास जबाबदार नाहीं या जुन्या नियमावर ती दावा हरली. तो नियम न्यूयॉर्कच्या त्याच न्यायालयानें १९५७ सालीं मोडीत काढला. हरलेल्या बाईचें नांव मात्र जगभरच्या वैद्यकीय कायद्याच्या पुस्तकांत राहिलें आहे.

रुग्णवाहिकेचा इतिहास याहून अगदीं वेगळ्या वाटेनें चालत आला. तिचा उगम रणांगणावर आहे. लढाई संपेपर्यंत जखमी शिपायानें जागच्या जागीं पडून राहावयाचें, हा युरोपांतील सैन्यांचा जुना शिरस्ता होता. फ्रेंच शल्यवैद्य लारे यानें १७९२ सालीं ऱ्हाईन नदीवरच्या सैन्यांत हलक्या, वेगवान घोडागाड्या काढल्या आणि लढाई चालूं असतांच जखमींना मागें आणण्यास आरंभ केला. शिपायाला “येतोस का?” असें कोणी विचारीत नसे, आणि तसें विचारण्याचें कारणही नव्हतें. अमेरिकेंतील यादवी युद्धांत हाच धडा गिरविलेल्या एडवर्ड डाल्टन नांवाच्या लष्करी डॉक्टरानें १८६९ सालीं न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळांत घोड्यांच्या रुग्णवाहिका सुरू केल्या. गाडीवानाच्या बैठकीखालच्या पेटींत पट्ट्या, स्पंज, रक्तस्राव थांबविण्याचे पट्टे, मोडलेल्या हाडाला बांधावयाचें सामान आणि ब्रँडीची बाटली असे. ही सारी सामग्री ज्याला बोलतां येत नाहीं अशा माणसासाठीं जमविलेली होती. म्हणजे न्यायालयांत आलेला हक्क अंथरुणावर शांतपणें विचार करूं शकणाऱ्यांचा, आणि रस्त्यावरची गाडी मात्र विचार करण्यास ज्यांना अवसर नाहीं अशांची. या दोघांची गांठ पडावयास अजून अवकाश होता.

ती गांठ मोटारीनें घातली. १९६५ या एका वर्षांत अमेरिकेंत सर्व प्रकारच्या अपघातांत १,०७,००० माणसें मेलीं. त्यांपैकीं सुमारें ४९,००० मोटार अपघातांत. राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें १९६६ सालीं या विषयावर जो अहवाल काढला, त्यांतली एक गोष्ट वाचतांना आज अंगावर कांटा येतो. त्या वेळीं देशांतील अँब्युलन्सचें जवळजवळ निम्में काम अंत्यविधीचा धंदा करणारे लोक करीत. कारण इतकेंच कीं, आडव्या माणसाला नेतां येईल एवढी लांब मोटार त्यांच्यापाशीं असे! अशा गाडीवरच्या माणसाला फार तर वेग ठाऊक असे. जखमी नको म्हणाला, कीं गाडी परत फिरे. त्या नकाराची पारख करणारें कोणी तेथें नव्हतें. त्याच वर्षीं महामार्ग सुरक्षेचा कायदा झाला, प्रथमोपचाराचें पद्धतशीर शिक्षण मिळालेलीं माणसें गाड्यांवर आलीं, आणि मग कार्डोझो यांच्या वाक्यांतला ‘सुबुद्ध’ हा शब्द रस्त्यावर येऊन उभा राहिला. रक्त पुसणारा हा माणूस सुबुद्ध आहे कीं नाहीं, हें ठरवावयाचें कसें आणि कोणी?

त्यासाठीं एक रीत बसत गेली. तुमचें नांव काय, आपण कोठें आहोंत, आज वार कोणता, काय घडलें, हे प्रश्न विचारतात. नाडी व रक्तदाब पाहतात. रक्तांतील साखर उतरली आहे काय, दारूचा अंमल आहे काय, हें पाहतात. न आल्यास काय होऊं शकेल तें सोप्या शब्दांत सांगतात व तेंच त्याच्या तोंडून पुन्हां वदवून घेतात. शंका वाटली तर इस्पितळांतील डॉक्टरांशीं बोलणें करून देतात. शेवटीं सही, सही करण्यासही तो नाकबूल झाला, तर तसें लिहून साक्षीदार घेतात. अज्ञान मुलाच्या बाबतींत पालकाचा शब्द चालतो. या सर्व खटाटोपांत निर्णय शहाणपणाचा आहे कीं नाहीं हें मात्र पाहावयाचें नसतें, आणि ही मेख फार महत्त्वाची आहे. इंग्लंडांतील २००५ च्या कायद्यानें तर स्पष्टच म्हटलें आहे कीं, निर्णय वेडेपणाचा वाटतो एवढ्यावरून माणसाला निर्णयास अपात्र समजूं नये.

परंतु निसर्ग येथें एक कपट करतो. डोक्याला मार लागून कवटीचें हाड आणि मेंदूवरचें आवरण यांच्यामध्यें रक्तवाहिनी फुटली, तर कांहीं काळ माणूस अगदीं चांगला असतो. बोलतो, हसतो, सर्व प्रश्नांचीं उत्तरें बरोबर देतो. आणि आंत रक्त सांचत असतें. इंग्लिश नटी नताशा रिचर्डसन १६ मार्च २००९ रोजीं कॅनडांतील मों-त्रांब्लां येथें बर्फावर घसरण्याचा धडा घेतांना पडली. हा मोटारीचा अपघात नव्हे, पण नकाराचा प्रकार तोच. आलेली अँब्युलन्स परत पाठविण्यांत आली. कांहीं तासांतच तिची प्रकृति ढासळली, दुसरी अँब्युलन्स बोलवावी लागली, आणि १८ मार्च रोजीं न्यूयॉर्क येथें ती निवर्तली. तिचें वय ४५ होतें. परीक्षेंत उत्तीर्ण झालेला नकारही घातक ठरूं शकतो, म्हणून निघतांना गाडीवरचे लोक रुग्णाला बजावतात कीं, डोकें दुखूं लागलें, ओकारी आली, झांपड आली, तर पुन्हां बोलवा. पहिला नकार दुसऱ्या हांकेच्या आड येत नाहीं.

दुसरें कपट माणसाचें आहे, तें पैशाचें. अमेरिकेंत अँब्युलन्सचें बिल शेंकडों, प्रसंगीं हजारांहून अधिक डॉलर येतें. अनपेक्षित वैद्यकीय बिलांना आळा घालणारा तेथील कायदा १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आला. त्यानें विमानानें नेणारी रुग्णसेवा आपल्या कक्षेंत घेतली, रस्त्यावरची गाडी मात्र वगळली. “मी ठीक आहें” असें म्हणणाऱ्या कित्येकांच्या मनांत जखमेपेक्षां बिलाचाच हिशेब चालूं असतो. कार्डोझो यांच्या निवाड्यांत बुद्धीची अट आहे. खिशाविषयीं एक अक्षर नाहीं.

भारतांत हा हक्क निवाड्यांतून नव्हे, तर कायद्याच्या एका पोटवाक्यांतून आला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ८९ व्या कलमानें अपघात करणाऱ्या चालकावर जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याचें व जरूर तर इस्पितळांत पोंचविण्याचें बंधन घातलें. मात्र जखमीची, अथवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची, इच्छा निराळी नसेल तर. १९८८ च्या नव्या कायद्यांत १३४ वें कलम आलें, त्यांतही तें पोटवाक्य टिकलें. पण त्या वाक्याचा आधार घेण्याची पाळी येथें क्वचितच येते. १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें जो निकाल दिला, त्याच्या मुळाशीं एका स्कूटरस्वाराची हकीकत होती. मोटारीच्या धडकेनें तो जखमी झाला. एका वाटसरूनें त्यास जवळच्या इस्पितळांत नेलें. पोलिसी प्रकरणें आम्ही घेत नाहीं असें सांगून तेथील डॉक्टरांनीं त्यास सुमारें २० किलोमीटरांवरच्या दुसऱ्या इस्पितळाकडे धाडलें, आणि तो वाटेंतच मरण पावला. त्या प्रकरणांत नकार जखमीनें दिला नव्हता, इस्पितळानें दिला होता. जीव वांचविणें हें डॉक्टरचें पहिलें कर्तव्य, कागदपत्रें मागाहून, असें न्यायालयानें त्या वेळीं ठरविलें. जखमीला उचलून आणणाऱ्या त्या वाटसरूसारख्यांना कायद्याचें संरक्षण मिळावयास मात्र २०१९ ची दुरुस्ती व्हावी लागली.