तारेखालचा ब्लॉक

रेल्वेची विजेची तार रुळांपासून साधारण साडेपाच मीटर उंच असते. तिची देखभाल करायची तर माणसाला तिथवर उचलावे लागते, आणि मुंबईत त्याच वेळी शेजारच्या रुळांवरून लोकल धावत असते. या कामाची सुरुवात ३ फेब्रुवारी १९२५ ची. त्या दिवशी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला देशातली विजेवरची पहिली गाडी सोडली. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा–बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या आल्या. १९३० पर्यंत तारा बोरघाट आणि थळघाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोहोचल्या होत्या.

तारेपर्यंत पोहोचण्याचे साधे साधन म्हणजे रुळांवरून ढकलायची शिडीची ट्रॉली. गाडी यायच्या आत ती उचलून बाजूला ठेवता यावी, इतकी हलकी असावी लागते. दुसरे साधन टॉवर वॅगन; ती स्वतःच्या इंजिनावर चालते. तिच्या छतावरचा मंच उचलता येतो आणि फिरवताही येतो. नेमका हा फिरणारा मंच जोखमीचा आहे. तो शेजारच्या मार्गाकडे वळवायचा, तर त्या मार्गावरची वाहतूक आणि तारेतली वीज दोन्ही आधी बंद असावी लागतात. कामासाठी ठरावीक वेळ ठेवलेल्या या बंदीला ब्लॉक म्हणतात, आणि म्हणून तो दोन प्रकारचा: विजेचा आणि वाहतुकीचा. प्रवाशांना रविवारचा मेगाब्लॉक जाचतो हे खरे. पण मंचावरच्या कामगाराला याहून भक्कम संरक्षण दुसरे नाही.

मुंबईत सुरुवातीपासून १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. त्याच्या जागी २५,००० व्होल्टचा एसी आला: पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये. एसीत मोठा फरक असा, की बंद केलेल्या तारेतही शेजारच्या चालू तारेमुळे जीवघेणा विद्युतदाब उतरतो. वीज बंद झाल्याचा निरोप आला आणि कामाचे परमिट हातात पडले, तरी तारेला हात लावता येत नाही. तारेतली वीज जमिनीत उतरवायला डिस्चार्ज रॉड लागतो: आधी त्याच्या केबलचा क्लॅम्प रुळाला किंवा खांबाच्या अर्थिंगला घट्ट बसवायचा, मग रॉडचा हूक तारेवर अडकवायचा. काढताना उलट: आधी हूक, मग क्लॅम्प. क्रम चुकला तर केबलमधून येणारा धक्का थेट हाताला बसतो. कामाच्या दोन्ही बाजूंना असे रॉड लावून त्यांच्या मधल्याच टप्प्यात काम करायचे असते. रॉड निघाले, माणसे आणि अवजारे खाली आली, की परमिट परत दिले जाते. तोवर तारेत वीज सोडता येत नाही.

ही सगळी व्यवस्था मंचावरच्यांसाठी आहे. रुळांवर काम करणाऱ्यांना मात्र टॉवर वॅगनही एक धावती गाडीच असते, आणि वेळापत्रकात नसलेली. १३ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ तिच्या धडकेने चार ट्रॅकमन मरण पावले.