वाड्याकडून सभागृहाकडे : दोन महायुद्धांमधील इंग्लिश खेडे

नोव्हेंबर १९१८ मध्ये पहिले महायुद्ध थांबले आणि सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे सुरू झाले. मधल्या २१ वर्षांत इंग्लंडमधील खेड्याचे बाह्य रूप फारसे पालटले नाही. गावकारभाराची सूत्रे मात्र हळूहळू दुसऱ्या हातांत जाऊ लागली.

त्यापूर्वी जमीनदाराचा वाडा आणि चर्च ही गावाची दोन सत्ताकेंद्रे होती. १८९४ च्या कायद्याने 'पॅरिश कौन्सिल' ही निर्वाचित ग्रामसंस्था आली, तरी तिचे अधिकार तुटपुंजे होते. युद्धानंतर करांचा बोजा आणि वारसांचे मृत्यू यांमुळे अनेक जमीनदारांनी जमिनी विकल्या. १९२१ मध्ये सरकारने धान्याच्या हमीभावाबरोबरच शेतमजुरांच्या वेतन मंडळाचेही संरक्षण काढून घेतले. मजुरी घसरली आणि १९२३ मध्ये नॉरफोकमध्ये शेतमजुरांनी संप केला. पुढल्या वर्षी वेतन समित्या पुन्हा आल्या. तरीही अनेक मजुरांचे घर मालकाचेच असे. नोकरी गेली की डोक्यावरचे छप्परही जाई.

युद्धात पडलेल्यांचे स्मारक कसे असावे, हा त्या काळी गावोगावचा वादाचा विषय होता. काहींना दगडी क्रूस हवा होता, तर काहींना जिवंतांच्या उपयोगी पडणारे सभागृह. अनेक गावांनी 'स्मारक सभागृह' बांधले. मृतांच्या नावांची पाटी असलेल्या या वास्तूत नाटके, नाच, पत्त्यांचे डाव, फुला-भाज्यांची प्रदर्शने आणि तान्ह्या मुलांची तपासणी होऊ लागली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समाजसेवा परिषदेने अशा सभागृहांना पाठबळ दिले.

सभागृहाचा सर्वाधिक उपयोग स्त्रियांनी केला. मूळच्या कॅनडातील 'विमेन्स इन्स्टिट्यूट'ची ब्रिटनमधील पहिली शाखा १९१५ मध्ये वेल्समध्ये निघाली. १९१७ पासून लेडी डेन्मन यांच्या नेतृत्वाखाली ही चळवळ इंग्लंडभर पसरली. पक्ष आणि पंथ दूर ठेवून समितीची निवड गुप्त मतदानाने करण्याचा तिचा आग्रह होता. जमीनदाराची पत्नीच अनेकदा अध्यक्ष होई, हे खरे. परंतु तिशीच्या आतील ज्या स्त्रियांना १९२८ पर्यंत संसदेसाठी मताधिकार नव्हता, त्यांना मतपत्रिका प्रथम येथेच हाती मिळाली.

शिक्षणातही हाच विचार दिसतो. केंब्रिजशायरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांच्या कल्पनेतून १९३० मध्ये सॉस्टन येथे पहिले 'व्हिलेज कॉलेज' उघडले. दिवसा मुलांची शाळा आणि संध्याकाळी प्रौढांचे वर्ग एकाच वास्तूत भरत.

या जीवनाचे चित्र केवळ रम्य नव्हते. अनेक गावांत १९३९ पर्यंत नळ आणि वीज पोहोचली नव्हती. वर्गणीतून नेमलेली परिचारिका हाच गरिबांचा आधार होता. मोटारबसमुळे बाजारगाव जवळ आले, तसे तरुणही कामासाठी बाहेर पडू लागले.

सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्याच्या भीतीने शहरांतून हलवलेली मुले अनेक ठिकाणी या सभागृहांतच उतरली. त्यांच्या व्यवस्थेत गावातील स्त्रियांचा मोठा वाटा होता. २० वर्षे समिती चालवण्याचा अनुभव अशा वेळी कामी आला. त्या काळातील अनेक सभागृहे आजही गावकऱ्यांच्याच समित्या चालवतात.