उतारवयातील यकृत प्रत्यारोपण : वयाची अट गेली, कसोटी कायम

वैनगंगेकाठचे बालाघाट मध्य प्रदेशात असले, तरी मोठ्या उपचारांसाठी येथील अनेक कुटुंबे गोंदियामार्गे नागपूरची वाट धरतात. यकृत निकामी झालेल्या ज्येष्ठ रुग्णापुढे पूर्वी दोन अडसर असत : वयाचा आणि राज्याच्या सीमेचा. मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवण्यास ६५ वर्षांची कमाल मर्यादा होती, तर काही राज्ये रहिवासी दाखला मागत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये या दोन्ही अटी रद्द केल्याचे जाहीर केले आणि नोंदणी शुल्क न आकारण्याची सूचना राज्यांना दिली. त्यामुळे बालाघाटच्या रुग्णाला नागपुरात, तसेच गोव्यातील रुग्णाला मुंबईत नाव नोंदवण्याची वाट मोकळी झाली. ही नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत होते.

गरज केव्हा भासते?

दीर्घकाळ मद्यपान, हिपॅटायटिस बी व सी आणि मधुमेह-स्थूलतेशी निगडित ‘फॅटी लिव्हर’ ही सिरोसिसची प्रमुख कारणे होत. पोटात पाणी साठणे, रक्ताची उलटी, वाढती कावीळ, बोलण्यात वा वागण्यात गोंधळ ही यकृत थकल्याची लक्षणे आहेत. आजाराची तीव्रता बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याच्या चाचणीवरून काढलेल्या ‘मेल्ड’ गुणांकाने मोजतात. तो ६ ते ४० असतो. गुणांक जितका अधिक, तितका जिवाला धोका अधिक. यकृतातच मर्यादित असलेल्या लहान कर्करोगातही प्रत्यारोपणाचा विचार होतो.

जन्मतारखेपेक्षा शरीर महत्त्वाचे

साठी-सत्तरीच्या रुग्णाबाबत डॉक्टर केवळ वय पाहत नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिन्या, फुप्फुसे व मूत्रपिंडे यांची क्षमता, अन्यत्र दडलेला कर्करोग, मधुमेहावरील नियंत्रण हे सारे तपासले जाते. स्नायूंची झीज विशेष चिंतेची असते. रुग्ण आधाराविना चालू शकतो का, पुरेसे जेवतो का, यावरही शस्त्रक्रियेनंतरची उभारी अवलंबून असते. पुढे शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे प्रायः आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांमुळे संसर्गाचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. उतारवयात ही जोखीम अधिक असते.

यकृत कोणाचे?

भारतात बहुतेक यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, मुले, आई-वडील व भावंडे ‘जवळचे नातेवाईक’ ठरतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडांचाही त्यांत समावेश झाला. दाता साधारणतः १८ वर्षांहून मोठा असावा लागतो. उरलेले यकृत काही आठवड्यांतच बरेचसे वाढते. तरीही निरोगी माणसावरील ही मोठी शस्त्रक्रिया असून तिच्यात जिवाचा धोका अल्प असला, तरी शून्य नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक बनतो, कारण दाता बहुधा मुलगा वा मुलगी असते. घरातील कमावत्या मुलाने वडिलांसाठी जोखीम पत्करावी का, याचे उत्तर नात्याच्या दडपणाखाली दिले जाऊ नये. म्हणूनच दात्याशी एकांतात बोलणे आणि कोणत्याही टप्प्यावर नकार देण्याची मुभा ठेवणे आवश्यक मानले जाते.

वेळेचे मोल

महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांचे १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत निधन झाले, तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. मोठ्या माणसालाही अवयव मागताक्षणी मिळत नाही; रक्तगट जुळावा लागतो आणि अवयव येईपर्यंत रुग्णाचे शरीर तग धरून राहावे लागते.

म्हणून पोटात प्रथमच पाणी झाले वा रक्ताची उलटी झाली, की रुग्णाला प्रत्यारोपण केंद्राचा सल्ला मिळायला हवा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णापेक्षा चालत तपासणीस गेलेल्या सत्तरीच्या रुग्णापुढे अधिक पर्याय असतात.