कासव-बचाव साधन व कोळंबी निर्यात

ट्रॉल जाळ्यात शिरलेल्या सागरी कासवाला बाहेर पडता यावे म्हणून बसविलेली गजांची चौकट व तिच्याशी निगडित निर्यात-अट. अमेरिकेच्या १९८९ च्या कायद्याने कासवांना अपायकारक पद्धतीने पकडलेल्या कोळंबीची आयात रोखली. १९९६ पासून ही अट आशियाई देशांनाही लागू झाली. खोल्याच्या (जाळ्याच्या टोकाकडील पिशवीच्या) अलीकडे तिरप्या लावलेल्या गजांमधून कोळंबी आत जाते, कासव झडपेतून सुटते. गजांतील अंतर सु. १० सेंमी. पेक्षा जास्त चालत नाही. मोठी मासळीही निसटते, हा ट्रॉलरमालकांचा मुख्य आक्षेप. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील उत्तनची डोल (पहा : डोल जाळे) मात्र ट्रॉलसारखी ओढली जात नाही, ती खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावतात.

भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांच्या या अटीविरुद्धच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या (पहा) अपील मंडळाने १९९८ मध्ये संवर्धनाचा हेतू ग्राह्य धरला, पण अंमलबजावणी पक्षपाती ठरविली : कॅरिबियन देशांना तयारीसाठी तीन वर्षे व तांत्रिक मदत, आशियाई देशांना जेमतेम चार महिने. विकसनशील देशांच्या दृष्टीने निकालातील हाच भाग सर्वांत मोलाचा. २०१९ मध्ये भारताच्या सागरी कोळंबीवर अमेरिकेची पुन्हा बंदी आली. तळ्यांत वाढविलेली कोळंबी (पहा : मत्स्यसंवर्धन) तीतून वगळलेली असल्याने भार समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमारांवरच पडला.